बातलच्या हिमोढात दगड मोजताना

सकाळी ६. बातलहून चहा घेऊन निघतो. लाहौलमधलं हे ठिकाण जवळपास ४,००० मीटर उंचीवर आहे. ऊन चढलं की बर्फ वितळून ओढे फुगतात, ते त्याआधीच ओलांडायचे.

७.३०. हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने सोडलेल्या दगडमातीच्या ढिगाचा, कडा. वरचा अर्धा मीटर खरवडून टाकतो. उतारावर माती सरकते तसे तिथले दगड फिरलेले असतात. मग आत आडवी पायरी खणतो. नुसत्या उभ्या भिंतीत बाहेर डोकावणारेच दगड डोळ्यांत भरतात आणि मोजणी एकांगी होते.

९ ते १. लांबी रुंदीच्या किमान दीडपट असलेला दगडच घ्यायचा, पण या अटीत बसणारा एकही सोडायचा नाही. दगड अलगद काढून त्याच्या खळगीत ॲल्युमिनियमची विणकामाची सुई लांब अक्षाच्या रेषेत ठेवायची, होकायंत्रावर दिशा वाचायची, क्लायनोमीटरवर कल. लोखंडी हातोडी लांब.

"सर, हा एकटाच आडवा पडलाय. घेऊ?"

घ्यायचाच! सरकत्या बर्फाखाली काही दगड प्रवाहाला आडवे लोळतात. ग्लेन, डोनर आणि वेस्ट यांनी १९५७ साली त्याची कारणमीमांसा मांडली. सोयीचे दगड वेचणं म्हणजे उत्तर आधी लिहून ठेवणं. ५० दगड होईतो बोटं बधिर होतात, तरी दिवसातला हाच वेळ मला सर्वांत प्रिय.

२.३०. वरचा थर. इथे दगडांना शिस्त नाही, मध्ये वाळूची पातळ भिंगं आहेत. ओला राडारोडा उतारावरून वाहत आला असावा, असा संशय येतो.

रात्री ८. तंबूत आकडेमोड. दगडांच्या दिशा किती जुळतात याचं माप म्हणजे पहिलं आयगेनमूल्य: सगळे दगड एकाच रेषेत असले तर ते १ येतं, दिशाच नसली तर एक तृतीयांश. खालचा थर १ च्या बाजूला झुकतो, दगड हिमनदीच्या उगमाकडे कललेले: बर्फाने तळाशी दाबून बसवलेला गाळ. वरच्याचं मूल्य कमी. पण नुसत्या दिशेवर निकाल देता येत नाही. घसरलेला राडारोडाही कधी कधी अशीच सुबक रांग दाखवतो. म्हणून दगडांवरचे ओरखडे, गाळाचा घट्टपणा, थरांची सीमा, सगळं एकत्र वाचावं लागतं. काराकोरममधले हिमोढ समजले गेलेले कितीतरी ढीग प्रत्यक्षात कोसळलेल्या कड्यांचे आहेत, हे केनेथ ह्यूइट यांनी दाखवलंय. तशी गल्लत इथे झाली, तर हिमनदी कुठवर पोचली होती याचा नकाशाच चुकेल.

वरच्या थराचं नाव वहीत अजून कोरं आहे. तिथे बाजूला आणखी दोन पायऱ्या खणायच्या.