भागाकार गिझरचा, गुणाकार लोकलचा

गिझरच्या अंगावर चिकटवलेली छोटी पट्टी कधी वाचली आहे? ‘230 व्होल्ट, 2000 वॅट’. एवढ्यावर गिझरची कुंडली मांडता येते! 2000 ला 230 ने भागा. आले 8.7 अँपिअर, म्हणजे गिझर खेचतो तो करंट. आता 230 ला या 8.7 ने भागा. आले साधारण 26 ओहम, म्हणजे आतल्या कॉइलचा रोध. 6 अँपिअरच्या छोट्या प्लगवर गिझर का चालवायचा नाही, याचं उत्तर पहिल्याच भागाकारात मिळालं.

सूत्रं दोनच. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, गुणलं की वॅट. शाळेत आपण ती पाठ केली आणि परीक्षेनंतर सोडून दिली. वाईट वाटतं, कारण त्यांची खरी गंमत घरातच आहे.

आता एक कोडं. 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि रात्री लावायचा 15 वॅटचा, यांत जास्त रोध कुणाचा? बहुतेक जण मोठ्या बल्बचं नाव घेतात. हिशेब उलटा आहे. 100 वॅटवाल्याचा रोध 529 ओहम, 15 वॅटवाल्याचा साडेतीन हजारांवर! विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, दोघांना सारखाच, त्यामुळे ज्याचा अडथळा कमी, त्यातून करंट जास्त आणि उजेडही जास्त. आणि ज्याला आपण ‘झिरोचा बल्ब’ म्हणायचो, तो जुना बल्बही साधारण 15 वॅट खायचा. नावातच काय तो झिरो.

तोच 100 वॅटचा बल्ब थंड असताना मल्टिमीटरने मोजा (बल्ब होल्डरमधून काढून, चालू सर्किटवर रोध कधीच मोजायचा नाही). 529 ऐवजी चाळिसेक ओहमच दिसतील. टंगस्टनची तार तापून पांढरी झाली की तिचा रोध दहा-पंधरा पटींनी वाढतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी करंटचा लोंढा येतो, आणि म्हणूनच जुने बल्ब बहुधा लावतानाच उडायचे.

व्होल्टेज थोडंसं उतरलं तर किती फरक पडतो? वाटतं त्याहून बराच. 230 चे 180 व्होल्ट झाले की दाब 22 टक्क्यांनी घटतो, पण गिझरची ताकद 2000 वरून 1225 वॅटवर येते, जवळपास 39 टक्के घट. कारण दाब उतरला की करंटही उतरतो आणि दोन्ही घटींचा गुणाकार होतो. पाणी तापायला उशीर का होतो, ते कळलं ना?

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे इथली 1000 वॅटची इस्त्री नेली, तर तिथल्या 120 व्होल्टवर ती जेमतेम 272 वॅटची उरते. कपड्यांच्या सुरकुत्या हलणार नाहीत. तिथला 1200 वॅटचा हेअर ड्रायर इथे लावला, तर हिशेब 4400 वॅटवर जातो. तो काही क्षणांतच जळेल.

पंखा, फ्रिज, मिक्सर यांना मात्र ही साधी सूत्रं जशीच्या तशी लागू होत नाहीत. मोटरच्या गुंडाळीचा खेळ वेगळा असतो. इस्त्री, गिझर, शेगडी यांच्याशी ती चोख जुळतात.

या विषयातला माझा सगळ्यात लाडका गुणाकार मुंबईच्या लोकलचा आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे टप्प्याटप्प्याने सगळी लोकल 25,000 व्होल्ट एसीवर आली. हार्बर मार्गाचा नंबर 2016 मध्ये लागला. समजा गाडीला 30 लाख वॅट हवेत. 1500 व्होल्टवर 2000 अँपिअर लागतील, 25,000 वर फक्त 120. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे त्याच तारेत, तेवढ्याच अंतरावर, नासाडी सुमारे 278 पटींनी कमी! एका भागाकाराने केवढं काम केलं पाहा.

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांना जोडणारा नियम जर्मनीतल्या गेऑर्ग ओहमने 1827 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्याने दोन धातूंची जोडणी केली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला आणि स्थिर दाब मिळवला. साध्या साधनांतून काढलेली ही युक्ती मला त्याच्या सूत्राइतकीच मोठी वाटते. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला याच नियमाचा सुगावा 1781 च्या सुमारास लागला होता. त्याचं मोजमापाचं यंत्र म्हणजे त्याचं स्वतःचं शरीर! झटका किती जोराचा बसतो यावरून तो करंटचा अंदाज घ्यायचा. त्याने ते छापलंच नाही. मॅक्सवेलने त्याच्या वह्या 1879 मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगाला कळलं.

कॅव्हेंडिशचं अनुकरण कुणी करू नये, कारण आपल्या शरीरालाही रोध असतो आणि तो बेभरवशाचा असतो. कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत जाऊ शकतो. 230 व्होल्टला त्याने भागलं तर करंट 2.3 मिलिअँपिअर, म्हणजे झिणझिण्या. अंग ओलं असेल तर रोध हजार ओहमवर येऊ शकतो आणि करंट 230 मिलिअँपिअर होतो. त्याच्या निम्म्या करंटनेही हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या हा करंट खिजगणतीतही नसतो, ती पडणारच नाही. जमिनीकडे गळणारा 30 मिलिअँपिअरचा करंट ओळखून वीज तोडते ती आरसीसीबी. घरात नसेल तर वायरमनला बोलावून आधी ती बसवून घ्या. असेल तर तिचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.