सिमेंटमधली राख म्हणजे भेसळ नव्हे. पण स्लॅबला पाणी जास्त दिवस मारावे लागते

चंद्रपूर : घरकुलाचा स्लॅब टाकायची वेळ आली की सिमेंटच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते, 'राखेचं सिमेंट नको, चांगलं द्या.' पीपीसी म्हणजे राख घालून वजन वाढवलेले सिमेंट, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. पण कुठलीही राख कालवली तरी चालते, हेही खरे नाही. हा फरक कळला नाही तर आयुष्यभराच्या कमाईचा स्लॅब कच्चा राहू शकतो.

राख येते कुठून?

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. भारतातल्या दगडी कोळशात राख फार. १०० किलो कोळसा जाळला की साधारण ३० ते ४० किलो राख उरते. धुरासोबत वर जाणारी, पिठासारखी बारीक राख यंत्राने पकडली जाते. हीच फ्लाय ॲश. तळाशी उरलेली जाड राख पाण्यात मिसळून राखेच्या तलावात सोडतात. उन्हाळ्यात तिथली वाळलेली राख उडते आणि आसपासच्या गावांना, शेतांना त्रास होतो.

याच जिल्ह्यात कोरपना, राजुरा भागात सिमेंट कारखाने आहेत. तिथे चुनखडी सुमारे १,४५० अंश तापमानाला भाजून क्लिंकर बनवतात. एक टन क्लिंकरमागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. क्लिंकरचा काही भाग कमी करून तिथे राख वापरली की चुनखडी वाचते, कोळसा वाचतो आणि तलावात जाणारी राखही कमी होते.

राख करते काय?

सिमेंटला पाणी लागले की दगड-वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ तयार होतो. त्यासोबत मोकळा चुनाही सुटतो. या चुन्याचा मजबुतीला फारसा उपयोग नसतो. फ्लाय ॲशमधली सिलिका याच चुन्याशी हळूहळू जुळते आणि आणखी चिकट पदार्थ बनतो. बारीक छिद्रे भरतात, पाणी कमी झिरपते. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालायचे, तत्त्व तेच.

भारतीय मानकानुसार पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात ते साडेसतरा किलो. कारखान्यात तपासून, मोजून घातलेली असल्याने ती भेसळ ठरत नाही.

धानाच्या तुसाचे काय?

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. १०० किलो धानातून साधारण २० किलो तूस निघते आणि ते जाळले की सुमारे ४ किलो राख उरते. या राखेत सिलिका भरपूर असते. पण तूस साधारण ७०० अंशांच्या आत, नीट जाळलेले हवे. जास्त तापले की सिलिकाचे रूप बदलते आणि ती चुन्याशी जुळत नाही. अर्धवट जळाले तर काळा कोळसा उरतो. शिवाय ही राख पाणी खूप शोषते. त्यामुळे राइस मिलच्या ढिगातली राख आणून थेट मालात टाकणे धोक्याचे आहे. चाचणी आणि इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय ती स्लॅब, बीम, कॉलममध्ये वापरू नये. राखेच्या तलावातल्या जाड राखेलाही हेच लागू.

घर बांधणाऱ्यांनी काय पाहावे?

• गोणीवर 'पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट', आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा किंवा महिना पाहून घ्यावा.

• पीपीसीची ताकद सुरुवातीला हळू येते, नंतर भरून निघते. म्हणून किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे. कोरड्या, कडक उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारणे चांगले. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे.

• सेंट्रिंग काढायची घाई नको. ठेकेदाराला पाट्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असल्या तरी तारीख इंजिनिअरनेच ठरवावी.

• पीपीसीच्या मालात मिस्त्रीने वरून आणखी राख घालू नये. कारखान्यातच प्रमाण ठरलेले असते.

• माल पातळ करायला जास्तीचे पाणी ओतू नये. त्याने कुठलेही सिमेंट कमजोर होते.

'राखेच्या सिमेंटचा स्लॅब गळतो' ही तक्रार बऱ्याचदा खरी असते, पण दोष राखेचा असतोच असे नाही. चौथ्या दिवशी पाणी मारणे बंद केले, तर राखेला चुन्याशी जुळायला ओलावाच उरत नाही. स्लॅब मार्च ते मे महिन्यांत टाकायचा असेल, तर सिमेंट आणण्याआधी दोन आठवडे पुरेल एवढ्या पाण्याची सोय करून ठेवलेली बरी.