फुगा काढायचा की राखायचा?

सकाळी ८. रेडिऑलॉजीच्या खोलीत चहा आणि अँजिओच्या प्रतिमा. पहिल्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. चक्कर येते म्हणून एमआरआय काढला, तर मेंदूतल्या मिडल सेरेब्रल धमनीवर ४ मिलिमीटरचा फुगा (अ‍ॅन्युरिझम) निघाला. चकरेशी त्याचा संबंध नाही. शंभरातल्या साधारण तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो. बहुतेकांना तो जन्मभर कळतही नाही.

फुगा फुटण्याचा धोका मोजणारा ‘फेझेस’ स्कोअर मांडला: वय, रक्तदाब, आकार, जागा, पूर्वीचा रक्तस्राव, देश. देशात जपान आणि फिनलंडला जादा गुण. आपल्याकडची माहिती त्यात नाहीच. धूम्रपानालाही रकाना नाही. म्हणून स्कोअर मी पाहतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबत नाही.

१०.३०. ओपीडी. बाईंच्या मुलाच्या हातात रिपोर्ट, घामाने मऊ पडलेला.

“डॉक्टर, फुटला तर? काढूनच टाका ना एकदाचा.”

मी कागदावर दोन रकाने आखले. २००३ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, आधी रक्तस्राव न झालेल्यांचे पुढच्या बाजूचे ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगे पाच वर्षांत फुटले नाहीत. लहान फुगे कधीच फुटत नाहीत असं नाही, पण क्वचित. दुसऱ्या रकान्यात उपचार: कॉइलमध्ये (फुग्यात बारीक तार भरणे) शंभरात सुमारे पाच जणांना, क्लिपमध्ये (शस्त्रक्रियेने फुग्याच्या मानेला चिमटा लावणे) आठ जणांना गुंतागुंत होते. आणि हा धोका आजच पत्करायचा.

मुलगा गप्प. बाईच बोलल्या, “मिश्री सोडीन, गोळ्या घेईन. पण जेजुरीच्या पायऱ्या चढू का?”

“दमानं चढा. सहा महिन्यांनी एमआर अँजिओ करू. वाढला किंवा वेडावाकडा झाला, तर निर्णय बदलेल.”

दुपारी १. कॅथलॅब. इथे राखणं नाही. चव्वेचाळिशीचा गडी, दिवसाला दोन बंडल विड्या, चढता रक्तदाब. पोस्टेरियर कम्युनिकेटिंग धमनीवर ८ मिलिमीटरचा फुगा, कडेला कोंब फुटल्यासारखा उंचवटा. मांडीतून कॅथेटर वर नेला. प्लॅटिनमची पहिली कॉइल आत गोल बसेपर्यंत खोलीत कुणी बोलत नव्हतं. बाकीच्या पटापट बसल्या.

संध्याकाळी ६. आयसीयूत त्याने हातपाय नीट हलवले. बायकोला सांगितलं, विडी बंद, तपासणी चुकवायची नाही.

आणि वाचकहो, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एकाएकी झाली, तर ती फुगा फुटल्याची खूण असू शकते; गोळी घेऊन झोपू नका. सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय त्याच क्षणी गाठा.