शेळीचे आणि गाढविणीचे दूध : पोषण किती, समजूत किती?

पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांची संख्या वाढू लागली, की शेळीच्या दुधाची शोधाशोध सुरू होते. एरवी ज्या घरात शेळीच्या दुधाचा थेंबही येत नाही, तेथेही रुग्णासाठी ते मिळेल त्या दराने आणले जाते. हैदराबादच्या गल्ल्यांपासून मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत गाढवीण घेऊन फिरणारे विक्रेते दारातच दूध काढून चमच्याच्या मापाने विकतात आणि आई-आजी ते तान्ह्या बाळाला पाजतात. या दोन्ही दुधांवरील श्रद्धा जुनी आहे. चरकसंहितेत सांगितलेल्या दुधाच्या आठ प्रकारांत शेळीचे दूध येते, तसेच घोडी-गाढविणीसारख्या एका खुराच्या प्राण्यांचेही येते. या श्रद्धेला आहारशास्त्राचा आधार कोठवर आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण हे दूध बहुधा आजारी माणसाच्या किंवा लहान मुलाच्याच पोटात जाते.

शेळीच्या दुधात काय असते?

१०० ग्रॅम शेळीच्या दुधात साधारणपणे ८७ ग्रॅम पाणी, ४ ग्रॅम स्निग्धांश, साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि साडेचार ग्रॅम दुग्धशर्करा असते. जात, चारा आणि विण्यानंतर लोटलेला काळ यांनुसार हे आकडे थोडेफार बदलतात. कॅल्शियम सुमारे १३० मिलिग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधापेक्षा किंचित अधिक असते. पेलाभर दुधातून सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात. वाढत्या मुलांना आणि वृद्धांना हा आहार निश्चितच उपयुक्त आहे.

हे दूध पचायला हलके मानले जाते, त्यालाही कारण आहे. त्यातील स्निग्धांशाचे कण गाईच्या दुधातील कणांपेक्षा बारीक असतात आणि ते सहसा एकत्र येत नाहीत. म्हणूनच न तापवता ठेवलेल्या शेळीच्या दुधावर साय लवकर वर येत नाही. प्रथिनांची घडणही थोडी निराळी असल्याने पोटात होणारा चोथा मऊ असतो. शेळीच्या दुधाचे दही घट्ट लागत नाही, त्याचे मूळही यातच आहे. गाईच्या दुधाला पिवळसर झाक देणारे कॅरोटीन शेळीच्या दुधात जवळजवळ नसते. शेळी त्याचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते, त्यामुळे दूध पांढरेशुभ्र दिसते.

या दुधाच्या उणिवा मात्र क्वचितच सांगितल्या जातात. त्यात फोलेट फारच कमी, गाईच्या दुधाच्या साधारण एक-पंचमांश असते. ‘बी-१२’ जीवनसत्त्वही कमी असते. केवळ शेळीच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होतो, हे युरोपातील डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवले होते. शिवाय आईच्या दुधाच्या तुलनेत त्यात प्रथिने तिपटीच्या आसपास आणि क्षार कितीतरी अधिक असल्यामुळे तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीच्या दुधाचीही ॲलर्जी असते, कारण दोन्हींतील प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती आहेत. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांनाही या दुधाने फारसा दिलासा मिळत नाही.

आपल्या भागातील शेळ्या

गोव्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गात कोकण कन्याळ ही जात आढळते. धो-धो पावसाच्या प्रदेशात ती तग धरते. धाराशिव, लातूर, सोलापूर आणि लगतच्या सीमाभागात काळ्या रंगाची उस्मानाबादी, नाशिक-अहिल्यानगरकडे संगमनेरी, तर सुरत-वडोदरा पट्ट्यात सुरती शेळी पाळली जाते. यांपैकी सुरती शेळी दुधासाठी ओळखली जाते. उस्मानाबादी मुख्यतः मांसासाठी आणि जुळ्या करडांसाठी पाळतात. ती जे दूध देते, त्यावर पहिला हक्क करडांचा असतो. उरलेले दूध पाळणाऱ्याच्या घरी चहाला आणि मुलांना पुरते. साथीच्या दिवसांत अचानक मागणी वाढली, की हेच दूध करडांच्या तोंडून काढून शहरात जाते.

गाढविणीचे दूध

गाढविणीचे दूध पातळ असते. त्यात स्निग्धांश बहुधा एक टक्क्याहून कमी, प्रथिने दीड ते पावणेदोन टक्के आणि दुग्धशर्करा सहा-सात टक्के असते. स्निग्धांश सोडला तर ही रचना आईच्या दुधाच्या बरीच जवळ जाते. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. गाढविणीच्या दुधात त्याचे प्रमाण बरेच कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या अनेक मुलांना ते सोसते, असे इटलीतील अभ्यासांत आढळले आहे. तेथे ते वैद्यकीय देखरेखीखाली आणि स्निग्धांशाची भर घालून दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या एका रुग्णालयात आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना गाढविणीचे दूध दिले जात असे. त्यात जिवाणूंना मारक असलेले लायसोझाइम हे प्रथिन लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास असते. गाईच्या दुधात ते नाममात्र असते.

मग दारात विकत घेतलेल्या चमच्याचे काय? पाच मिलिलिटरच्या चमच्यात प्रथिने एक ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतात. एवढ्याने बाळाचे पोषण होत नाही. सर्दी, खोकला, दमा किंवा कावीळ त्याने बरी होते, याला पुरावा नाही. अशा एका चमच्यासाठी शंभर रुपयांपर्यंत मोजले गेल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. त्या काळात कोणत्याही जनावराच्या कच्च्या दुधाचा चमचा बाळाला संसर्गाच्या धोक्यात लोटतो.

दर चढा असण्याचे कारण प्राण्याच्या स्वभावातच आहे. गाढविणीची कास लहान असते, दिवसातून अनेकदा थोडेथोडे दूध काढावे लागते आणि त्यासाठी शिंगरू जवळ असावे लागते. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सव्वा लाखाच्या आत गाढवे उरली आहेत. २०१२च्या तुलनेत ही घट ६१ टक्क्यांची आहे. याच काळात शेळ्यांची संख्या वाढून सुमारे १४ कोटी ८९ लाख झाली. सौराष्ट्रातील हलारी ही पांढरी, उंच गाढवांची जातही दुर्मीळ होत चालली आहे. दुधाला रास्त मोल मिळाल्यास तिचे पालनकर्ते टिकतील, या अपेक्षेने तिच्या दुधाकडे संशोधक पाहू लागले आहेत.

डेंग्यू आणि प्लेटलेट

शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात, हे सिद्ध झालेले नाही. डेंग्यूत ताप उतरू लागतो त्या सुमारास प्लेटलेट सर्वांत कमी होतात आणि बहुसंख्य रुग्णांत पुढच्या काही दिवसांत आपोआप वाढतात. नेमके तेव्हाच दूध पाजलेले असते, म्हणून श्रेय दुधाला मिळते. रुग्णाला दूध आवडत आणि पचत असेल, तर ते द्यायला हरकत नाही. मात्र पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, गळून जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सर्वांत जपण्याचे असतात.

उकळूनच प्यावे

‘धारोष्ण दूध अधिक गुणकारी’ ही समजूत घातक ठरू शकते. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ छळणारा ताप शेळ्यांच्या कच्च्या दुधातून पसरतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट यांच्या संशोधनातून उघड झाले. पुढच्याच वर्षी सैन्यात ते दूध बंद करण्यात आले आणि रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. ब्रुसेलोसिस या नावाने ओळखला जाणारा तो आजार आपल्याकडे आजही आढळतो. निरोगी दिसणारी शेळीही त्याचे जंतू बाळगू शकते. दूध उकळल्याने काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात. प्रथिने आणि कॅल्शियम कायम राहतात.

वर्षभरावरच्या मुलांना आणि मोठ्यांना शेळीचे उकळलेले दूध खुशाल द्यावे. जोडीला पालेभाज्या व डाळी असाव्यात, म्हणजे फोलेटची उणीव भरून निघते. बाळाला ॲलर्जीचा संशय असेल, तर दूध बदलण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. घराजवळ कोणी शेळ्या पाळत असेल, तर साथीची वाट न पाहता त्याच्याकडून वर्षभर थोडे दूध घेत राहिल्यास घरालाही पोषण मिळेल आणि त्या शेळ्या पाळणाऱ्यालाही चार पैसे सुटतील.