मुहूर्त सहा ते सात

मराठी लग्न अगदी वेळेवर लागलं, असं कुणी सांगितलं की मी लगेच विचारतो, ‘ख्रिस्ती होतं का?’ आमच्याकडे पंचांग बघत नाहीत, पण मुहूर्त आहे आणि तो थेट कायद्यात छापलेला आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२. त्याचं दहावं कलम म्हणतं, विवाह सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्या वेळातच लावायचा. खास परवान्याचे अपवाद त्याच कलमात आहेत. पण लग्नघरात परवान्यामागे धावायला सवड कुणाला असते?

भाचीचं लग्न औरंगाबादच्या छावणीतल्या चर्चमध्ये ठरलं, तेव्हा मी मामा या नात्याने पहिला सल्ला दिला तो तारखेबद्दल. गुरुवार नको. गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार भरतो. गुरंढोरं, टेम्पो आणि भाजीवाल्यांच्या गर्दीतून नवरीची गाडी काढायची, तर पोलीसच हवेत. शनिवार ठरला. वेळ दुपारी चारची. पण वऱ्हाड जालन्याकडून येणार होतं, आणि साडेपाच वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता. पाळकसाहेब व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. दर फेरीला एकदा घड्याळ आणि एकदा माझ्याकडे बघत होते, जणू जालना रोड मीच अडवून धरला होता. पेटीवाल्याने तोवर मंडळीकडून गीतांमागून गीतं गाऊन घेतली. साकी झाली, अभंग झाला. शेवटी मागच्या बाकावरच्या आज्यांनी सूत्रं हातात घेतली आणि आदल्या रात्रीच्या हळदीची गाणी सुरू केली. पाळकसाहेबांनी तिकडे कानाडोळा केला.

इथल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगणं भाग आहे म्हणून भराभर सांगतो. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातल्या या भागात चर्च मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं. पारशी घरात जन्मलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी औरंगाबादेत राबले. ब्राह्मण घरातले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली आणि तिच्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारने जमीन दिली. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, १९७७ मध्ये कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत झाला. एवढं पुरे. मला बोलायचं आहे ते नोंदवहीबद्दल.

चर्चची विवाह नोंदवही हा माझा जुना नाद आहे. वेगवेगळ्या गावांतल्या पाळकांच्या कृपेने मी अशा वह्या चाळत आलो आहे. बाकीचे पाहुणे केककडे वळतात, तेव्हा मी मेजाकडे सरकतो. रकाने कायद्याच्या परिशिष्टातलेच: तारीख, नाव, आडनाव, वय, स्थिती, हुद्दा किंवा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव. खाली वधूवरांच्या सह्या, निदान दोन साक्षीदारांच्या सह्या आणि विवाह लावणाऱ्याची सही. ‘स्थिती’ म्हणजे अविवाहित, विधुर की विधवा. विधवेचा पुनर्विवाह ज्या काळात वर्तमानपत्रांत गाजत होता, त्या काळात या वहीत त्याला एका रकान्याइतकीच जागा होती. मला हे फार आवडतं.

व्यवसायाचा रकाना तर एखाद्या गॅझेटियरला मागे टाकील. मास्तर, मिशनच्या दवाखान्यातली नर्स, रेल्वेतला फिटर, शेतमजूर. पण जुन्या पानांवर नवरीपुढे बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला व्यवसाय नाही, हे लिहिणाऱ्याला खटकलं नसावं.

वयाच्या रकान्याची गोष्ट वेगळी. १८७२ च्या कायद्यात एतद्देशीय ख्रिस्त्यांच्या लग्नाचं जे प्रकरण होतं, त्यात मुलगा सोळा वर्षांच्या आणि मुलगी तेरा वर्षांच्या वर हवी, अशी अट होती. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण तेव्हा दंडविधानातलं संमतिवय दहा होतं. ते बारावर नेणारा कायदा १८९१ मध्ये आला, आणि तेवढ्यावरून पुण्यात रान पेटलं. आज ख्रिस्ती लग्नालाही एकवीस आणि अठरा हीच मर्यादा आहे.

या वह्यांच्या प्रतींचा प्रवासही मोठा. कंपनीच्या आणि राणीच्या राजवटीत चर्चमध्ये लागलेल्या गोऱ्यांच्या लग्नांच्या प्रती विलायतेला जात. त्या आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पणजोबांच्या शोधात तिकडची माणसं त्या उघडून बसतात. आपल्याकडच्या कित्येक मूळ वह्या मात्र कपाटात वाळवीची वाट बघत पडल्या आहेत. धर्मप्रांतांनी रंगरंगोटीवर खर्च करण्याआधी त्यांचं स्कॅनिंग करावं, हे मी भेटेल त्या पाळकाला ऐकवतो. ते ‘नक्की, नक्की’ म्हणतात आणि चहा मागवतात.

वऱ्हाड सहाच्या सुमारास आलं. नवरी पांढऱ्या साडीत, पैठणी रिसेप्शनसाठी राखून ठेवलेली. बडे पाहुणे भाषण करायला उत्सुक होते, पण तेवढा वेळ नव्हता. पाळकसाहेबांनी उपदेश पाच मिनिटांत आटोपला. एरवी त्यांना तो चाळीस मिनिटं पुरतो, म्हणून कायद्याचे आभार. तीन रविवारी उपासनेत नावं वाचून झाली होती, हरकत कुणाची आली नव्हती. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, सात वाजायच्या आत विवाह लागला.

मग वही उघडली. ‘वडिलांचं नाव’ भरून झाल्यावर माझी बहीण वाकून बघत म्हणाली, ‘आईचा रकाना कुठाय?’ नाही. दीडशे वर्षं झाली, तरी परिशिष्टात आईला जागा मिळालेली नाही. जुन्या वह्यांत आया शोधायच्या तर साक्षीदारांच्या ओळींत शोधाव्या लागतात. कुठे सही, कुठे अंगठा.

साक्षीदार म्हणून माझं नाव ठरलं होतं. मी पेन ताईच्या हातात दिलं. मुलाकडच्या काकांना ते पटलं नाही, साक्षीला पुरुषमाणूस बरा, असं ते पुटपुटले. पाळकसाहेबांनी त्यांना कायदा वाचून दाखवायची तयारी दाखवली, तेव्हा ते गप्प झाले. ताईने पूर्ण नाव मराठीत लिहिलं, रकान्याबाहेर जाईल एवढं मोठं. तोवर बाहेर नान-खलियाची पंगत बसली होती, आणि मेजाभोवती थांबलेलं वऱ्हाड भराभर तिकडे निघालं.