अपुरी लस आणि हृद्रोगी : अग्रक्रमाचा विचार

लस सर्वांना एकाच वेळी पुरत नाही, तेव्हा ती प्रथम कोणास द्यावी हा प्रश्न केवळ शासनाचा राहत नाही. तो चिकित्सकाच्या दारी येतो. १ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील नागरिकांबरोबरच ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधिग्रस्तांसाठी कोविडची लस खुली झाली, तेव्हा याचा प्रत्यय आपण सर्वांनी घेतला.

त्या वेळी शासनाने २० व्याधींची यादी दिली होती. तिची रचना अभ्यासण्याजोगी आहे. वर्षभरात हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल झालेला, अथवा हृदयाच्या झडपांचा मध्यम वा तीव्र विकार असलेला रुग्ण स्वतंत्रपणे पात्र होता. अँजायना किंवा पक्षाघात असल्यास मात्र उपचार सुरू असलेल्या उच्च रक्तदाबाची वा मधुमेहाची जोड आवश्यक होती. केवळ रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा स्थौल्य यांस यादीत स्थान नव्हते. कारण उघड आहे. रक्तदाबाचे रुग्ण इतके आहेत की, त्या सर्वांस पुढे घेतल्यास अग्रक्रमास अर्थच उरत नाही.

हृद्रोग्यास अग्रक्रम का, याचेही उत्तर शास्त्रात आहे. संसर्गकाळी ज्वराने हृदयाची गती व प्राणवायूची गरज वाढते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते आणि रोहिणीतील मेदाचा थर फुटण्याचा संभव वाढतो. कॅनडातील २०१८ च्या एका अभ्यासात इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला.

आयुर्वेदाने हृदयाची गणना त्रिमर्मांत केली आहे आणि व्याधिबलासह रोगिबलाच्या परीक्षणाचा आग्रह धरला आहे. एका जोखमीपेक्षा अनेक जोखमींच्या संयोगास अधिक महत्त्व देणारी ही यादी त्या दृष्टीस परकी वाटत नाही. मात्र रसायनचिकित्सा हा लसीचा पर्याय नव्हे, हे रुग्णास स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य मानतो.

त्या यादीनुसार लाभासाठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे प्रमाणपत्र लागत असे. येथेच खरी कसोटी होती. ओळखीपोटी दिलेले एक प्रमाणपत्र म्हणजे रांगेतील दुसऱ्या, अधिक दुर्बल रुग्णाची लांबलेली मात्रा होय. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्याने त्या यादीचे प्रयोजन संपले. परंतु असा प्रसंग पुन्हा येणारच नाही, असे नाही. म्हणून प्रत्येक हृद्रोगी व मधुमेही रुग्णाच्या केसपेपरवर व्याधीचा प्रारंभ, चालू औषधे, रक्तदाब, ईसीजी व इकोचे निष्कर्ष आणि रुग्णालयातील दाखल्यांच्या तारखा आजच नोंदवून ठेवाव्यात, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींस विनंती आहे.