रेषांची युती-प्रतियुती

सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर उमटण्याआधीच जेकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत नोंदवलेली असते. ताण्याचा कोणता धागा कधी उचलायचा एवढेच ते पुठ्ठे सांगतात आणि त्या साध्या क्रमातून फुले, वेली आकार घेतात. नियमातून रूप जन्मते, हे ज्या शहराला रोजच्या कामातून ठाऊक आहे, तेथील वाचकाला अकबर पदमसी या मुंबईच्या चित्रकाराचा ‘सिझिजी’ हा १९७० चा प्रायोगिक ॲनिमेशनपट परका वाटू नये.

किंचित फरकाची स्थिर चित्रे एकेक करून टिपायची आणि वेगाने दाखवून हालचालीचा भास निर्माण करायचा, याला ॲनिमेशन म्हणतात. पदमसींनी त्यातून पात्र, गोष्ट, रंग आणि ध्वनी हे सारेच वगळले. संख्यांच्या आधारे रेषा मांडण्याची पद्धत ठरवून त्यांनी सुमारे १००० रेखाटने केली आणि राम मोहन या जाणकार ॲनिमेटरच्या साहाय्याने त्यांचा सुमारे ११ मिनिटांचा मूक, कृष्णधवल चित्रपट झाला. पडद्यावर रेषा वाढतात, छेदतात, विखुरतात; त्या कशाचे चित्र आहेत हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो, कारण त्यांचे परस्परांशी असलेले नाते हाच चित्रपटाचा विषय आहे. शीर्षकाचा अर्थही तोच सांगतो: अमावास्येला किंवा पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, त्या स्थितीला खगोलशास्त्रात हे नाव आहे.

चित्रकाराने कॅमेरा हाती घेणे तेव्हा अगदीच नवे नव्हते. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले होते. पदमसींनी मात्र नेहरू फेलोशिपचा निधी एकट्यासाठी न ठेवता त्यातून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले आणि इतर कलावंतांनाही साधने खुली केली. त्यांचे हे औदार्य चित्रपटाइतकेच मोलाचे मानले पाहिजे. तरुण नलिनी मालानी यांनी तेथेच ‘ड्रीम हाउसेस’ हा ॲनिमेशनपट केला.

पदमसींचा दुसरा चित्रपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ याची एकच प्रत होती आणि ती हरवली. आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन २०१६ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटात तिचा आठवणींतून शोध घेतला. पदमसी २०२० मध्ये निवर्तले. मूळ प्रत त्यांना पुन्हा पाहता आली नाही.